फिल्टर नवा, फीड पंप नवा, तरी रोज सकाळी इंजिन हवा धरतं? रिटर्न लाईन तपासा

तक्रार साधारण अशी असते. रात्री डिझेल इंजिन नीट बंद केलं. सकाळी स्टार्टर मारला की दोन-चार सेकंद चालतं आणि दम तोडतं, किंवा मुळात पेटच घेत नाही. हँड प्रायमरने पंपिंग केलं, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून फेस, म्हणजे डिझेलमध्ये शिरलेली हवा, जाऊ दिला की सुरू होतं, आणि मग दिवसभर काही कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग फिल्टर बदलला जातो, फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या) नवा किट पडतो, सप्लायचे सगळे होज नवे येतात आणि शेवटी मेन पंप (इंजेक्टरांना दाबाने डिझेल देणारा) उतरवून टेस्ट बेंचवर जातो. बेंचवर तो ओके निघतो, कारण त्यात काही बिघडलेलंच नव्हतं.

या सगळ्या खटाटोपात टाकीकडे परत जाणाऱ्या पाईपकडे, म्हणजे रिटर्नकडे, कोणी बघत नाही. त्यातून जास्तीचं डिझेल जातं, त्याला दाब नसतो, गळला तर दिसेलच, अशी समजूत असते. म्हणून हाताला लागेल तो होज, मिळेल त्या वाटेने नेऊन टाकीच्या वरच्या भोकात खुपसला जातो. प्रत्यक्षात रिटर्नमधला दाब थेट पंपाच्या पोटातल्या दाबावर बसतो, आणि रिटर्नचं तोंड कुठे उघडतं यावर इंजिन बंद असताना पाईपातलं डिझेल जागेवर राहणार की नाही हे ठरतं. सकाळची तक्रार बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीतून येते, म्हणून आधी तीच घेऊ.

टाकी भरलेली असताना काय होतं?

पहिला प्रश्न हा विचारा, कारण त्याला हत्यार लागत नाही. टाकी इंजिनापेक्षा खाली आहे असं धरू. टाकी काठोकाठ असताना सकाळी इंजिन पहिल्या स्टार्टरला लागतं आणि अर्ध्याखाली गेली की हवा धरतं, असं असेल तर संशय दोनच ठिकाणी जातो: टाकीच्या आतल्या सक्शन नळीला वरच्या भागात चीर आहे, किंवा रिटर्नचं तोंड डिझेलच्या पातळीच्या वर, हवेत उघडतंय.

रिटर्नचं तोंड हवेत असणं इतकं का बाधतं? इंजिन बंद झालं की सप्लाय पाईप, पंप आणि रिटर्न पाईप मिळून डिझेलची एक सलग साखळी असते. सप्लायचं टोक डिझेलमध्ये बुडालेलं, रिटर्नचं टोक त्याहून वर, उघडं. म्हणजे हा चक्क उलटा सायफन झाला. रिटर्नमधलं डिझेल इंजिनाकडे मागे ओढलं जातं आणि सप्लायमधून टाकीत उतरतं. त्याच्या मागोमाग हवा चालत येते आणि पहाटेपर्यंत पंपात पोचते. त्याला अडवणारी एकच गोष्ट असते, फीड पंपाचे वन-वे व्हॉल्व्ह. ते नवे असतात तोवर दोष झाकलेला राहतो. एखाद्या व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला की तक्रार सुरू. म्हणूनच फीड पंपाचा किट टाकल्यावर काही आठवडे बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खात्री करायची असेल तर रिटर्नमध्ये, पंपाजवळ, वीतभर पारदर्शक होज घाला. साधा पारदर्शक होज डिझेलमध्ये कडक होऊन तडकतो, त्यामुळे तो फक्त तपासणीपुरता. तसाच कायम ठेवू नका. इंजिन गरम करून बंद करा आणि अर्धा तास त्या होजवर नजर ठेवा. डिझेल हळूहळू इंजिनाच्या दिशेने सरकत असेल तर वर सांगितलेला उलटा सायफन आहे आणि फीड पंपाचा व्हॉल्व्हही धरत नाही. डिझेल टाकीच्या दिशेने उतरत असेल तर हवा इंजिनाच्या बाजूनेच, वरून कुठूनतरी शिरतेय. आणि ते जागचं हललं नाही, तरी सकाळी हवा असेलच, तर रिटर्न सोडा आणि सप्लायकडे वळा. पंप उतरवण्याआधी हा अर्धा तास खर्च करायला माणसं का कचरतात ते मला कळत नाही.

हवा वरून शिरतेय असं दिसलं तर पहिला मान इंजेक्टरच्या लीक-ऑफ होजचा, म्हणजे इंजेक्टरमधून निसटलेलं डिझेल परत नेणाऱ्या होजचा. हे सुताच्या विणीचे बारीक होज उष्णतेने कडक होतात, नोझलच्या नळीवर बसतात पण पकडत नाहीत. शेवटच्या इंजेक्टरवरची बंद टोपी तर हमखास विसरली जाते. ती वरून शाबूत दिसते आणि हात लावला की फिरते. दुसरा मान बॅन्जो बोल्टच्या (पाईप जोडणाऱ्या, आतून पोकळ बोल्टच्या) कॉपर वॉशरचा. वापरलेला वॉशर कडक झालेला असतो आणि त्यावर जुन्या बैठकीची खाच असते. तोच उलटवून लावला तर डिझेल थांबतं, हवा थांबत नाही. यातली अडचण अशी की चालू इंजिनात रिटर्नमधला दाब किंचित असतो आणि बंद झाल्यावर तिथेच किंचित व्हॅक्यूम येतो. त्यामुळे हवा ओढणारा जोड बाहेरून कोरडा ठणठणीत दिसू शकतो. ‘कुठे गळत नाही’ हा पुरावा इथे चालत नाही. लाईन दोन्हीकडून सोडवून, एक टोक बंद करून, दुसरीकडून हलका दाब देऊन जोडांना साबणाचं पाणी लावा. दाब फक्त लाईनला द्यायचा, टाकीला नाही. टाकी त्यासाठी बनवलेली नसते.

तिसरं म्हणजे क्लिप. स्क्रूची पट्टीवाली क्लिप बारीक होजवर आवळली की होज गोल न राहता लंबगोल होतो आणि स्क्रूच्या खाली फट राहते. छोट्या व्यासाला पूर्ण गोल दाबणारी फ्युएल होजची क्लिप वापरा.

रिटर्न टाकीत कुठे सोडायचा

टाकी इंजिनाच्या खाली असेल तर रिटर्नची नळी टाकीच्या आत, डिझेलच्या सर्वांत कमी पातळीच्याही खाली न्या. तळाला टेकवू नका, तिथे पाणी आणि गाळ असतो आणि परतीचा झोत तो ढवळतो. तळापासून सक्शनच्या तोंडाइतकंच किंवा थोडं जास्त अंतर ठेवा. सक्शन आणि रिटर्न या दोन तोंडांमध्ये मात्र निदान 300 मिलिमीटर अंतर हवं, किंवा मध्ये आडवी पत्र्याची भिंत. परत येणारं डिझेल गरम असतं आणि त्यात हवेचे बुडबुडे असतात. ते लगेच सक्शनने ओढलं तर बुडबुड्यांना वर यायला वेळच मिळत नाही. वरून धार पडत असेल तर फेस होतो तो वेगळाच.

टाकी इंजिनाच्या वर असेल तर हिशेब उलटतो. बुडलेली रिटर्न नळी म्हणजे टाकीतून इंजिनापर्यंत तयार सायफन. खाली होज फुटला किंवा कोणी बॅन्जो सोडला की टाकी रिकामी होईपर्यंत डिझेल वाहत राहील. शिवाय बंद इंजिनावर तो दाब कायम उभा राहतो आणि इंजेक्टर जरा जुने असले तर डिझेल सिलिंडरमध्ये, तिथून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला तर हे कारण लक्षात ठेवा. अशा मांडणीत रिटर्न टाकीच्या वरच्या भागात, पातळीच्या वर सोडतात, किंवा टाकीकडेच जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. कोणी नळीला टाकीच्या आत वरच्या बाजूला सायफन तोडणारं बारीक भोक पाडतात. उंचावरच्या टाकीला ते चालतं. तेच भोक खालच्या टाकीला पाडलं तर तुम्ही हवेला स्वतःहून दार उघडून दिलं. एकाच नळीकडून दोन्ही गुण मिळत नाहीत. टाकी कुठे आहे ते आधी बघायचं.

रिटर्नवर बंद करायचा कॉक कधीही लावू नका. काम करताना सोयीचा वाटतो, आणि एक दिवस कोणीतरी तो बंद ठेवून स्टार्टर मारतो. पंपाचा शाफ्ट सील जातो, लीक-ऑफचे होज उडतात. दुरुस्तीसाठी अडवणं लागतच असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेच.

दुसरी तक्रार: सील वारंवार जातो, लीक-ऑफ होज निघून येतात, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) लागत नाही

इथे रिटर्नमध्ये दाब जास्त आहे. तो मोजल्याशिवाय बोलायचं नाही. 0 ते 1 बारचं गेज घ्या, इंजिनाच्या रिटर्नच्या शेवटच्या जोडानंतर टी (तीन तोंडांचा जोड) घालून बसवा आणि गरम इंजिन पूर्ण वेगाने चालवून वाचा. गेज ओव्हरफ्लो व्हॉल्व्हच्या (पंपातलं जास्तीचं डिझेल रिटर्नमध्ये सोडणाऱ्या) नंतर हवं. व्हॉल्व्हच्या आधी बसवलं तर तुम्ही पंपाच्या गॅलरीचा (आतल्या डिझेलच्या वाटेचा) दाब वाचताय, आणि तो लाईन पंपात (ओळीत पिस्टन असलेल्या पंपात) मुद्दाम 1 ते 1.5 बारच्या आसपास धरलेला असतो. तो आकडा बघून रिटर्न चोक आहे म्हणून चांगला पाईप बदलणारे पुष्कळ आहेत. मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेतली घ्या. कित्येक इंजिनांना ती 0.2 ते 0.3 बारपेक्षा फार वर नसते.

आता हा दाब येतो कुठून? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे उंची. डिझेलची घनता पाण्याच्या साधारण 0.83 पट, म्हणून दर मीटर उंचीला सुमारे 0.08 बार. रिटर्न तीन मीटर वर चढवून टाकीत सोडला तर 0.25 बार नुसत्या उंचीतच गेले आणि कित्येक इंजिनांची मर्यादा तिथेच संपली. दुसरं घर्षण. उदाहरण म्हणून तासाला 120 लिटर रिटर्न, 5 मीटर सरळ पाईप आणि 40 अंशांचं नेहमीचं डिझेल घ्या. आतला व्यास 8 मिलिमीटर असेल तर दाबाची घट जेमतेम 0.04 बार, 6 मिलिमीटरला सुमारे 0.13, आणि 4 मिलिमीटरला 0.65 च्या वर. शांत प्रवाहात ही घट व्यासाच्या चौथ्या घातात बदलते. व्यास निम्मा केला की 16 पट. थंडीत डिझेल जाड झालं की हाच आकडा आणखी दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे उन्हाळ्यात पास झालेली लाईन हिवाळ्यात नापास होऊ शकते. एल्बो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कूलर, क्विक कपलर यांची घट यावर वेगळी धरायची. क्विक कपलर बाहेरून रुंद दिसतो आणि आतून गळा आवळतो, म्हणून तो मी रिटर्नमध्ये घालतच नाही.

तासाला 120 लिटर हा आकडा इंजिनाच्या खपावरून काढू नका. यूनिट इंजेक्टरच्या (पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) इंजिनांत खपाच्या दुप्पट-तिप्पट डिझेल नुसतं थंडाव्यासाठी फिरून परत येतं. रिटर्न बादलीत सोडून एक मिनिट मोजा, अंदाज बांधायची गरजच नाही.

रोटरी पंपात दाबाचा परिणाम आणखी थेट असतो, कारण टायमिंग पुढे ढकलणारा पिस्टन पंपाच्या पोटातल्या दाबावरच चालतो. रिटर्न तुंबला की दाब वाढतो, टायमिंग पुढे जातं, इंजिन खडखडतं. इथे एक खास गोष्ट बघा. सप्लायचा आणि रिटर्नचा बॅन्जो बोल्ट काढून तळहातावर शेजारी ठेवले तर बाहेरून जुळे भाऊ. उजेडासमोर धरा: सप्लायच्या बोल्टचं आडवं भोक मोकळं दिसतं, आणि रिटर्नच्या बोल्टमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं सुईएवढं छिद्र असतं. डोक्यावर बहुधा इंग्रजीत ‘आऊट’ कोरलेलं असतं, पण रंगाखाली किंवा मळाखाली ते दिसत नाही. त्या छिद्रावरच पंपाच्या पोटातला दाब टिकतो. बोल्ट अदलाबदल झाले तर सप्लायला सुईएवढं भोक मिळतं. इंजिन आयडलला चालतं, लोडला उपाशी मरतं. आणि रिटर्न सताड उघडा झाल्याने पोटातला दाब पडतो, टायमिंग मागे जातं, थंड इंजिन पांढरा धूर सोडतं. पंपाचं काम झाल्यानंतर लगेच सुरू झालेल्या तक्रारीत आधी हे दोन बोल्ट काढून बघा. छिद्रात गंजाचा कण अडकला असेल तर कॉम्प्रेस्ड हवेने फुंकून काढा. तारेने खरवडून भोक मोठं करू नका.

कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनांना, वेगळा हात लागतो. सोलेनॉइड इंजेक्टरांना रिटर्न मोकळा लागतो; तिथे दाब वाढला किंवा हलता राहिला तर आयडल थरथरतं. काही पिझो इंजेक्टर मात्र रिटर्नमध्ये 10 बारच्या आसपास दाब असेल तरच काम करतात आणि त्यासाठी लाईनमध्ये दाब धरणारा व्हॉल्व्ह असतो. ‘चोक दिसतोय’ म्हणून तो काढून सरळ पाईप घातला तर चांगलं इंजिन सुरूच होणार नाही. या इंजिनांत एकेका इंजेक्टरचा रिटर्न वेगळ्या नळीने मापाच्या भांड्यात घेऊन तुलना करता येते; एकाचं भांडं इतरांच्या कितीतरी आधी भरलं तर दोष त्या इंजेक्टरात आहे. चालू इंजिनावर हाय प्रेशर पाईपचा नट मात्र सैल करायचा नाही. तिथला झोत कातडी भेदून आत जातो.

दुपारनंतर ताकद कमी होते

सकाळी पूर्ण लोड घेणारं इंजिन चार-पाच तासांनी मागे पडत असेल तर रिटर्नची उष्णता बघा. उच्च दाबाचं डिझेल रिटर्नमध्ये सुटताना तापतं. 1000 बारवरून सुटलं तर अंदाजे 40 ते 45 अंशांनी. रिटर्न छोट्या डे टँकमध्ये (इंजिनाजवळच्या रोजच्या वापराच्या टाकीत) सोडला असेल तर तेच शंभरेक लिटर डिझेल तासाभरात पूर्ण फिरून येतं आणि दर फेरीला आणखी तापतं. डिझेल दर अंशाला साधारण 0.08 टक्के फुगतं, म्हणजे 40 वरून 70 अंशांवर गेलं की मेकॅनिकल पंपाच्या त्याच मापात जवळपास अडीच टक्के डिझेल कमी भरतं. शिवाय ते पातळ झाल्याने पंपातल्या पंपात जास्त गळतं आणि वंगण म्हणूनही कमी पडतं. टाकीवर हात ठेवून कळतं, तरी थर्मामीटर लावा. उपाय म्हणजे रिटर्न मोठ्या टाकीत नेणं, किंवा रिटर्नमध्ये कूलर घालणं. कूलर सक्शनमध्ये घालू नका, तिथे अडथळा परवडत नाही. आणि कूलर घातल्यावर वरची गेजची चाचणी पुन्हा करायची.

राहिलेलं थोडक्यात

दोन टाक्या असतील तर सप्लाय आणि रिटर्न दोन्ही एकाच वेळी फिरवणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो. नुसता सप्लाय बदलला की एक टाकी रिकामी होते आणि दुसरी उतू जाते. अनेक इंजिनांचे रिटर्न एका पाईपात एकत्र करू नका. चालू इंजिनाचा दाब बंद इंजिनात शिरतो. पाईप गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी प्रक्रिया होऊन चिकट साबण तयार होतो आणि तो फिल्टर आणि इंजेक्टरमध्ये बसतो. तांबं डिझेल लवकर खराब करतं. काळा स्टील किंवा स्टेनलेस बरा. बायोडिझेलचं मिश्रण असेल तर साधा नायट्राइल होज फुगतो आणि मऊ पडतो, तिथे फ्लुरोरबर घ्या.

हे सगळं बघून झालं, सप्लायमध्येही पारदर्शक होज घालून पाहिला आणि त्यात बुडबुडे नाहीत, आणि तरी रिटर्नमध्ये बारीक बुडबुडे थांबत नाहीत, लोड वाढवला की वाढतात, असं असेल तर ती हवा बाहेरची नाही. ज्या इंजिनांत डिझेलच्या वाटा हेडमध्ये कोरलेल्या असतात तिथे इंजेक्टरखालच्या वॉशरमधून सिलिंडरचा गॅस डिझेलमध्ये शिरतो. अशा वेळी रिटर्नचं डिझेल काळपट होतं आणि त्याला जळका वास येतो. इंजेक्टर काढा, वॉशर एका ओळीत सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि कडेला काजळीची रेघ कोणावर आहे ते पाहा. त्या सिलिंडरची बैठक स्वच्छ करा, खाली जुना वॉशर चिकटून राहिला नाही ना हे बॅटरी मारून बघा, आणि नवा वॉशर घालून टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळा.